अपरान्ताच्या सागरतटावरील सामुदायिक कलादान : कुडा, महाड आणि समुद्रापलीकडील संबंध

कला ही देशोदेशींच्या लोकांना जवळ आणते, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. निरनिराळ्या देशांतील कलावंतांनी एकत्र येऊन एखादी कृती निर्माण करणे ही विसाव्या शतकातील कल्पना आहे, असाही समज आढळतो. अपरान्ताच्या, म्हणजे आजच्या कोकणाच्या, किनाऱ्यावरील बौद्ध लेण्यांचे शिलालेख वाचले असता हा समज टिकत नाही. येथे सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुणी, वैद्य, लेखनिक, माळी, लोहव्यापारी आणि सत्ताधारी घराण्यांतील स्त्रीपुरुष यांनी आपापला वाटा उचलून शिल्पे व गुंफा घडविल्या. याच किनाऱ्यावरून घाट चढून वर गेलेल्या मार्गांवर यवनांनीही त्याच पद्धतीने दान दिले. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः रायगड जिल्ह्यातील कुडा व महाड येथील लेण्यांच्या आधारे या सामुदायिक कलाव्यवहाराचे स्वरूप मांडणार आहोत. आजच्या धम्मबांधवांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, याचाही विचार शेवटी करू.

अपरान्त आणि धम्माचे आगमन

महावंस व समन्तपासादिका या ग्रंथांनुसार सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे तिसरी धम्मसंगीती झाली. तीनंतर स्थविर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी निरनिराळ्या प्रदेशांत धम्मप्रचारक पाठविले. अपरान्तात जे स्थविर आले त्यांचे नाव योनक धम्मरक्खित असे दिले आहे. योनक म्हणजे ग्रीक वंशाचा अथवा ग्रीक प्रदेशातून आलेला मनुष्य. आपल्या किनाऱ्यावर धम्म घेऊन आलेला हा प्रचारक परदेशी वंशाचा होता, ही परंपरेने जपलेली स्मृती महत्त्वाची आहे. ज्या समाजव्यवस्थेने परकीयास म्लेच्छ ठरविले, तिच्या शेजारीच संघाने एका योनकास आचार्याचे स्थान दिले होते.

या स्मृतीला पुरातत्त्वाचाही आधार मिळतो. सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे 1956 साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अपरान्ताच्या या बंदरापर्यंत धम्मलिपी पोहोचली होती, हे निश्चित आहे.

सोपाऱ्याच्या दक्षिणेस कल्याण, चौल, मांदाड अशी बंदरांची मालिका होती. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गाच्या वर्णनात कल्याणनंतर सेमुल्ला आणि मंदगोरा ही नावे ओळीने येतात. सेमुल्ला म्हणजे आजचे चौल. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचाच ‘चेमुल’ असा उल्लेख आढळतो. मंदगोरा म्हणजे राजपुरी खाडीच्या आतील मांदाड, असे अनेक संशोधकांचे मत आहे. चौल येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. ज्या मांदाडजवळून एके काळी गलबते ये-जा करीत, त्याच खाडीकडे तोंड करून कुडा लेणी उभी आहेत.

कुडा : वाटून घेतलेले पुण्य

कुडा लेणी आजच्या तळा तालुक्यात आहेत. येथे लहानमोठी 26 लेणी असून बहुतेक भिक्खूंच्या निवासासाठी आहेत, तर काहींत स्तूप आहेत. कार्ले अथवा भाजे येथील चैत्यगृहांसारखी कमानदार छते येथे नाहीत. छत सपाट, दालन चौकोनी आणि मागील खोलीत स्तूप अशी साधी रचना आहे. या साधेपणामुळे कलेतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत कुडाच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. परंतु येथील प्राकृत शिलालेख पश्चिम भारतातील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस अमूल्य आहेत. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 साली ते प्रसिद्ध केले आणि 1912 साली ल्यूडर्स यांनी आपल्या ब्राह्मी लेखांच्या सूचीत त्यांची व्यवस्थित नोंद केली.

या लेखांतील दात्यांची यादी पाहावी. कऱ्हाडचा एक लोहव्यापारी येथे लेणे देतो. एका माळ्याचे दान येथे आहे. सोमदेव नावाचा वैद्य आपल्या मुलांची व मुलींची नावे सांगून लेणे अर्पण करतो. आयितिलु या ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला चैत्यगृह देते. श्रेष्ठी आहेत, सार्थवाह आहे, आणि मांदव कुळातील महाभोजांच्या घराण्यातील माणसेही आहेत. पदुमनिका नावाची प्रव्रजिता बोधी व असाळ्हमिता या आपल्या अंतेवासिनींसह लेणे व पाण्याचे टाके दान करते.

या सर्वांचे लेख एकाच डोंगरावर, एकाच लिपीत व एकाच भाषेत आहेत. त्यांचा वाक्यप्रयोगही जवळजवळ एकच आहे. आधी नाव, मग व्यवसाय अथवा नाते, मग दिलेली वस्तू आणि शेवटी ‘देयधम’ हा शब्द, असा बहुतेकांचा क्रम आहे. महाभोजाच्या घराण्याला निराळी भाषा नाही आणि माळ्याला निराळी नाही. ब्राह्मणाची पत्नी येथे प्राकृतातच बोलते. वर्णव्यवस्थेने माणसांना ज्या उतरंडीत बसविले होते, ती उतरंड या डोंगरावरील लेखांच्या रचनेत दिसत नाही. समाजातून ती नाहीशी झाली होती, असा दावा आम्ही करीत नाही. दान देण्याच्या व दानाची नोंद करण्याच्या कृतीत मात्र ती बाजूला ठेवली गेली होती, एवढे हे लेख स्पष्ट सांगतात.

यांतील सहाव्या लेण्यातील लेख आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. महाभोजी सादगेरी विजया हिचा पुत्र महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे लेखनिक, होता. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने हे लेणे दिले. या एका लेण्याचे दान कुटुंबाने आपसांत वाटून घेतले आहे. गुंफा शिवमची, शिल्पकाम त्याची पत्नी विजया व मुलगे सुलसदत, शिवपालित, शिवदत, सपिल यांचे, आणि स्तंभ त्याच्या मुली सपा, शिवपालिता, शिवदता, सुलसदता यांचे. शिल्पकामासाठी लेखात ‘सेलरूपकम’ असा शब्द आहे. शैल म्हणजे दगड, रूप म्हणजे आकृती, आणि कम म्हणजे काम.

एका कुटुंबातील चार मुलींची नावे स्तंभांच्या दानकर्त्या म्हणून दगडावर कोरली जातात, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. स्तंभ हा वास्तूचा भार पेलणारा भाग आहे. भावांनी शिल्पे घ्यावीत आणि बहिणींनी खांब घ्यावेत, अशी वाटणी त्या घरात बसून झाली असेल. धर्मशास्त्रांनी स्त्रीच्या स्वतंत्र धनावर किती बंधने घातली, हे वाचकांस ठाऊक आहेच. येथे विवाहित पत्नी आणि मुली या दोघींचेही दान पुरुषाच्या दानात विरून न जाता स्वतंत्रपणे नोंदले आहे.

महाड आणि कोल

सावित्री व गांधारी या नद्यांच्या परिसरात महाडजवळ गांधारपाले येथील लेणी आहेत. सावित्री हीच समुद्राकडून महाडापर्यंत येणारी जुनी जलवाट होय. येथील एका लेखात कुमार काणभोअ विण्हुपालित याने दिलेल्या दानाची तपशीलवार मोजदाद आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची टाकी आणि लेण्यास जोडणारी वाट एवढे त्यात आले आहे. वाट आणि पाणी यांचाही उल्लेख आवर्जून केला आहे. दात्याच्या दृष्टीने शिल्प, निवास, पाणी आणि रस्ता ही सर्व एकाच धम्मदानाची अंगे होती. दुसरा लेख एका गृहपती श्रेष्ठीच्या पुत्राचा आहे. सावित्रीच्या पलीकडे कोल येथेही लहान लेणी असून तेथे गृहस्थ उपासकांचे लेख आहेत.

महाडचे नाव घेताच आपल्या मनात 20 मार्च 1927 हा दिवस उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. ज्या गावाच्या डोंगरात दात्यांनी पाण्याची टाकी खोदून संघास अर्पण केली होती, त्याच गावात सतरा-अठरा शतकांनंतर माणसाला तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. या दोन घटनांमध्ये थेट दुवा जोडण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण त्यास पुरावा नाही. परंतु बौद्धकाळात पाणी हे दान देण्याची व सर्वांसाठी मोकळी ठेवण्याची वस्तू मानले जाई, आणि नंतरच्या व्यवस्थेत ते अडविण्याचे साधन झाले, हा फरक मात्र पुराव्यानिशी सांगता येतो.

यवन दाते आणि ‘चातुदिस’ संघ

चौल व कल्याण या बंदरांतून माल बोरघाट व नाणेघाट या मार्गांनी देशावर जाई. या घाटमार्गांच्या माथ्यावर कार्ले व जुन्नर आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील अनेक यवनांची नावे आहेत. त्यांच्या शेजारीच सोपाऱ्याच्या एका धम्मुत्तरीय भाणकाचे नाव आहे. जुन्नरला गत येथील यवन इरिल याने दोन टाकी दिली, गत येथीलच यवन चिट याने संघाला भोजनमंडप दिला आणि यवन चंद याने चैत्याच्या दर्शनी भागाचे दान केले. नाशिकच्या सतराव्या लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेला योनक इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा पुत्र, आपल्या मुलासह लेणे, चैत्यगृह व टाकी अर्पण करतो. त्या मुलाचे नाव धम्मरक्खित आहे. अपरान्तात धम्म आणणाऱ्या स्थविराचेच नाव एका योनक घराण्यात पुन्हा भेटते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यवन दात्यांविषयी विद्वानांत दोन टोकांची मते मांडली गेली. काहींनी जे जे सुबक दिसेल ते ग्रीक प्रभावाचे ठरविले. त्यांवरील प्रतिक्रिया म्हणून काहींनी परदेशी सहभागच नाकारला. शिलालेख या दोन्ही मतांना दुजोरा देत नाहीत. यवन तेथे होते, परंतु शिकविणारे म्हणून नव्हे. ते इतर दात्यांच्या रांगेत उभे होते. कार्ल्याला त्यांनी एकेक स्तंभ दिला, आणि त्यांच्या स्तंभाशेजारचा स्तंभ दुसऱ्या कोणाचा तरी होता. त्यांनी निराळी इमारत उभारली नाही आणि ग्रीक लिपीत नाव कोरले नाही. विद्या देहेजिया यांनी 1992 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या पद्धतीस सामूहिक आणि लोकाधारित आश्रय असे म्हटले. हे वर्णन आम्हांस योग्य वाटते. मात्र त्यास पालि वाङ्मयातील एका संकल्पनेची जोड द्यावी लागेल.

ती संकल्पना म्हणजे ‘चातुदिस’ संघ, म्हणजे चारही दिशांचा संघ. इंद्राग्निदत्ताचे दान याच संघाला आहे. विनयपिटकात विहाराचे दान आलेल्या व न आलेल्या, चारही दिशांच्या संघास करण्याची रीत सांगितली आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकदा दिलेले लेणे दात्याचे राहत नाही, त्या गावाचे राहत नाही आणि त्या देशाचेही राहत नाही. सिंहलद्वीपातून आलेला भिक्खू आणि धेनुकाकटाचा भिक्खू यांचा त्यावर सारखाच अधिकार असतो. आज ज्यास आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणतात, तीत बहुधा दोन देश आपापली वस्तू घेऊन समोरासमोर उभे असतात. चातुदिस संघाच्या कल्पनेत वस्तूची मालकी आधीच सोडून दिलेली असते. त्यामुळे यवनाने दिलेला स्तंभ आपला की परका, हा प्रश्न त्या काळच्या उपासकास पडण्याचे कारण नव्हते.

घडविणारे हात

दात्यांची नावे मिळतात, पण ज्यांनी छिन्नी चालविली त्यांचे काय? हा प्रश्न आपल्या वाचकांस टाळता येणार नाही, कारण कष्ट करणाऱ्यांचे नाव पुसण्याचा इतिहास आपण भोगलेला आहे. खरे सांगायचे तर बौद्ध लेण्यांतही कारागिरांची नावे फार थोडी आहेत. परंतु ती मुळीच नाहीत असे नव्हे. रायगड जिल्ह्यातच, कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका मूर्तीजवळ लेख आहे. त्याचा अर्थ असा : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. पितळखोरे येथील यक्षावर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने आपण ती मूर्ती घडविल्याचे कोरले आहे. कार्ल्याला धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार आपल्या कामाची नोंद सोडून गेला आहे.

कोंडाण्याच्या लेखातील ‘अंतेवासी’ हा शब्द आम्हांस विशेष विचार करण्यासारखा वाटतो. अंतेवासी म्हणजे आचार्याजवळ राहून शिकणारा. विनयात हा शब्द भिक्खूच्या शिष्यासाठी येतो. कुडाच्या लेखात पदुमनिकेच्या शिष्यांसाठी त्याचे स्त्रीलिंगी रूप येते. आणि कोंडाण्याला तोच शब्द शिल्पकाराच्या शिष्यासाठी वापरला आहे. हा योगायोग नव्हे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात भगवंतांनी श्रामण्याची फळे समजावून सांगताना कुशल कुंभार व त्याचा अंतेवासी, कुशल हस्तिदंतकार व त्याचा अंतेवासी, कुशल सोनार व त्याचा अंतेवासी असे दृष्टांत दिले आहेत. चित्ताचे शिक्षण आणि हाताचे शिक्षण यांस एकच शब्द लावणारी ही परंपरा आहे. ज्या परंपरेने हाताच्या कामास हीन लेखले, तिच्याशी हिची तुलना करावी, म्हणजे शब्दाचे मोल कळेल.

कुडाच्या लेखातील ‘रूपकम’ हा शब्दही एकटा नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंतकारांनी आपण रूपकर्म केल्याचे नोंदविले आहे. विदिशेपासून कोकणच्या खाडीपर्यंत कारागीर व दाते एकच परिभाषा वापरीत होते, यावरून त्यांच्यातील दळणवळणाची कल्पना येते.

समुद्रापलीकडील पुरावा

ही देवाणघेवाण एकमार्गी होती का? अलीकडील शोधांनी याचे उत्तर दिले आहे. अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तेथे भारतीय खलाशांनी व व्यापाऱ्यांनी ब्राह्मी लिपीत कोरलेली शेकडो नावे या शतकाच्या आरंभी उजेडात आली. 2012 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत भरुकच्छाचा उल्लेख आहे आणि बौद्ध असल्याचे सांगणारी माणसेही आहेत. जातकांतील सागरप्रवासाच्या कथा केवळ कल्पित म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी या गुहेचा विचार करावा.

त्याहून महत्त्वाचा शोध इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात लागला. पोलिश व अमेरिकन संशोधकांच्या पथकास तेथील इसिस देवतेच्या मंदिराच्या प्रांगणात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती मिळाली. एप्रिल 2023 मध्ये इजिप्तच्या शासनाने हा शोध जाहीर केला. मूर्ती 71 सेंटिमीटर उंच असून तिचा काही भाग तुटलेला आहे. ती दुसऱ्या शतकातील असावी असा संशोधकांचा अंदाज आहे. संगमरवर भूमध्य सागराच्या प्रदेशातील आहे आणि मूर्ती अलेक्झांड्रिया येथे घडविली गेली असावी, असेही त्यांचे मत आहे. त्याच मंदिरात संस्कृत लेख आणि सातवाहनांची नाणीही सापडली आहेत.

या मूर्तीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बुद्धप्रतिमेची कल्पना भारतातून आली, दगड भूमध्य सागराकाठचा आला, हात बहुधा अलेक्झांड्रियातील शिल्पकाराचा होता आणि श्रद्धा त्या बंदरात राहणाऱ्या अथवा तेथे येणाऱ्या व्यापाऱ्याची होती. पालि महानिद्देसात व मिलिंदपञ्हात अलसंद हे नाव येते. ते या इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे की पूर्वेकडील दुसऱ्या एखाद्या अलेक्झांड्रियाचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु बेरेनिकेच्या मूर्तीनंतर आपल्या किनाऱ्याचा इजिप्तशी केवळ मिरी व मलमल यांचाच संबंध होता, असे म्हणता येणार नाही. आपला किनारा सातवाहनांच्या राज्याचा व त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या क्षत्रपांच्या सत्तेचा भाग होता. त्या नाण्यांचा मार्ग कोकणच्या बंदरांतून गेला असणे अगदी संभवनीय आहे.

आधुनिक काळातील सहकार्य

लेण्यांतील संघ नाहीसा झाल्यावर ही साखळी तुटली. ती पुन्हा जोडण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून सुरू झाले, परंतु त्यांत समानता नव्हती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केल्या. काम विद्यार्थ्यांचे असले तरी ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आले. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ 1885 च्या आगीत जळाल्या. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असित हलदार आदी चित्रकार अजिंठ्यास आले. त्यानंतर 1917-18 मध्ये जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी तेथे प्रतिकृती केल्या. त्या 1923 च्या भूकंपात टोकियो येथे नष्ट झाल्या. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी 1930 च्या दशकात बुद्धचरित्र रंगविले. या विहाराची उभारणी अनागारिक धम्मपाल यांच्या प्रयत्नाने झाली होती.

14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात बौद्ध कलेची गरज एकदम वाढली, कारण लाखो घरांत व हजारो वस्त्यांत विहार हवे होते. कामठी येथील ड्रॅगन पॅलेस 1999 मध्ये जपानी उपासकांच्या सहकार्याने उभा राहिला. मुंबईजवळ गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा 2009 साली खुला झाला. त्याची घडण म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतली आहे. अनेक गावांतील विहारांत आज थायलंडहून आलेल्या मूर्ती आहेत. या दानाबद्दल आपण कृतज्ञ असलेच पाहिजे.

कलेच्या क्षेत्रातही नवे मार्ग दिसू लागले आहेत. 2010 पासून बोधगयेजवळील सुजाता गावच्या शाळेत जपानी व भारतीय कलावंतांनी एकत्र येऊन भिंती रंगविल्या. युसुके असाई यांनी तेथे स्थानिक मातीच हाताशी घेतली. पुढे हाच उपक्रम महाराष्ट्रातील वारली वस्तीत, डहाणूजवळील गंजाड येथे, आला. 2022 च्या बर्लिन येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात प्रभाकर कांबळे यांच्या कलाकृती मांडल्या गेल्या. जात हा विषय घेऊन आपल्यातील कलावंत जगाशी स्वतःच्या नावाने बोलू लागला आहे, ही आम्हांस विशेष समाधानाची गोष्ट वाटते.

आपल्यापुढील प्रश्न

येथे आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. परदेशातून तयार मूर्ती येते, तिची मिरवणूक निघते, विहारात प्रतिष्ठापना होते. यात आपला सहभाग स्वीकारणाऱ्याचा असतो. कुडाच्या दात्यांची रीत याहून वेगळी होती. तेथे वाटा उचलल्याशिवाय नाव लागत नव्हते, आणि वाटा कितीही लहान असला तरी नाव लागत होते. मुलींचे स्तंभ, भिक्खुणीचे टाके आणि माळ्याचे दान या सर्वांस त्या डोंगरावर जागा होती. परदेशी दाता आला तर तोही त्याच रांगेत उभा राहिला.

आपल्या विहारांच्या उभारणीत ही रीत पुन्हा आणणे अशक्य नाही. थायलंड अथवा जपानहून मूर्ती आणण्याऐवजी तेथील शिल्पकारास येथे बोलवावे आणि आपल्या वस्तीतील दगडकाम, लाकूडकाम, माती व रंग जाणणाऱ्या तरुणांना त्याचे अंतेवासी म्हणून बसवावे. एका मूर्तीस जो खर्च येतो, त्यात काही मुले आयुष्यभराची विद्या शिकतील. दगड सह्याद्रीचा असावा. काम पूर्ण झाल्यावर दानफलकावर केवळ प्रमुख पाहुणे व देणगीदार यांची नावे न घालता घडविणाऱ्यांचीही घालावीत. बलकाचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. आपण बांधलेल्या विहारांच्या गवंड्यांची नावे वीस वर्षांनीही कोणास सांगता येत नाहीत, ही आपली उणीव आहे.

दुसरे काम लेण्यांचे आहे. कुडा, गांधारपाले, कोल आणि कोंडाणे येथे जाणारा बहुतेक प्रवासी लेख न वाचताच परततो. अनेक ठिकाणी लेण्यांना पांडवांचे नाव चिकटले आहे आणि लेखांची लिपी न येणाऱ्यास ते खोडून काढता येत नाही. गेल्या काही वर्षांत आपले तरुण धम्मलिपी शिकून लेण्यांमध्ये वाचनवर्ग घेऊ लागले आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. त्यांनी रायगड किनाऱ्यावरील लेखांपासून आरंभ करावा. हे लेख लहान आहेत, भाषा पालिजवळची आहे, आणि विषय ओळखीचा आहे : कोणी, कोणासह, काय दिले. प्रत्येक लेखाचे वाचन, मराठी अर्थ आणि छायाचित्र असलेली छोटी पुस्तिका जिल्ह्यातील प्रत्येक विहारात असावी. परदेशातील बौद्ध बांधव या किनाऱ्यावर येतील तेव्हा विजया, तिचे मुलगे आणि तिच्या चार मुली यांचा लेख त्यांना वाचून दाखविणारा मनुष्य त्याच तालुक्यातील असावा, अशी आमची इच्छा आहे.